गोष्ट कुणाची, आणि त्याला हवे काय?

मुलांना "एक गोष्ट लिहा" असे सांगितले की पहिली ओळ बहुधा ठरलेली असते. एका गावात राजू नावाचा मुलगा राहत असतो. तो हुशार असतो, प्रामाणिक असतो, आई-वडिलांची आज्ञा पाळणारा असतो. त्याला वाटेत पैशांचे पाकीट सापडते. तो ते ज्याचे त्याला नेऊन देतो, शाळेत त्याचा सत्कार होतो, खाली एक आडवी रेघ आणि मग 'तात्पर्य'.

सुट्टीच्या दिवसांत आम्ही काही जण पनवेलमधील मुला-मुलींना घेऊन बसतो. वाचून दाखवतो, वाचून घेतो, थोडे लिहूनही घेतो. मुले आठ ते तेरा वयाची, आपल्याच घरांतली. कुणाच्या घरी कोकणी बोलतात, कुणाच्या घरी दखनी. कुणी मराठी शाळेत जाते, कुणी उर्दू, कुणी इंग्रजी. शाळा, मदरसा आणि उरलेल्या वेळात गल्लीतले क्रिकेट असा त्यांचा दिवस. या मुलांच्या वह्यांतही राजू हजर असतो. त्याची आजी सकाळी उठून तुळशीला पाणी घालते. राजूशी आमचे काही वैर नाही, भला मुलगा आहे. त्याच्या आजीबद्दलही आदरच आहे. पण लिहिणाऱ्या मुलाची स्वतःची दादी फजरनंतर दारातल्या कबुतरांना ज्वारी टाकते, आणि ती या वहीत कुठेच नसते.

"तुझ्या इमारतीत कुणी राजू आहे का?" असे आम्ही एका नऊ वर्षांच्या मुलाला विचारले. तो नाही म्हणाला. "मग हा कुठून आला?" त्याने अगदी सहज सांगितले, "गोष्टीत असाच असतो ना."

त्याच्या दृष्टीने त्याचे काही चुकलेले नव्हते. पाठ्यपुस्तकात त्याला एखादा सलीम, एखादी फातिमा भेटते, पण बहुधा ईदच्या पाठात, शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन. ईदचा पाठ संपला की सलीमही संपतो. मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिमांची परंपरा काही आजकालची नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांपासून शाहीर अमर शेखांपर्यंत ती सांगता येते, आणि २०१७ साली मुस्लिम मराठी साहित्य संमेलन आपल्या पनवेलमध्येच भरले होते. तरी आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाती देण्याजोगी, त्याच्या स्वतःच्या घरातली गोष्ट शोधू लागलो की शोध फार लवकर संपतो. म्हणून मुलाची समजूत होते की गोष्टी दुसरीकडे घडतात, दुसऱ्यांच्या घडतात. आपण फक्त वाचायच्या आणि प्रश्नांची उत्तरे लिहायची.

कुणी मोठा लेखक येऊन हे बदलेल म्हणून बसून राहण्यापेक्षा गोष्ट उघडून तिचे भाग मुलांसमोर मांडावेत, असे आम्हाला वाटते. शाळेत हे भाग शिकवतात. पात्र, स्थळ, काळ, प्रसंग, संघर्ष, शेवट. मुले ते नागरिकशास्त्राच्या व्याख्येसारखे घडाघडा म्हणतात, आणि पुढच्या तासाला पुन्हा राजूचेच पाकीट सापडते. कारण भाग माहीत झाले तरी ते एकमेकांत कसे बसतात हे कळलेले नसते. जुन्या काळी पनवेल बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेले होते. चाक करणारा सुतार आरे वेगळे घडवतो, पाट्या वेगळ्या, वरची लोखंडी धाव वेगळी. पण आरे रोवायला मधला तुंबा लागतो. गोष्टीचा तुंबा कोणता? आमच्या मते तो एका साध्या प्रश्नात आहे: कुणाला काय हवे आहे?

भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट घ्या. म्हातारीला लेकीकडे जायचे आहे. झाली गोष्ट सुरू. वाटेत जंगल, जंगलात वाघ. तिला जायचेच नसते तर वाघ असूनही काही घडले नसते. आणि वाघ नसता तर ती सुखरूप पोचली असती, लेकीच्या हातचे तूप-रोटी खाऊन परत आली असती, आणि आपल्याला सांगण्यासारखे काही उरले नसते. म्हणजे एक इच्छा आणि तिच्या आड येणारे काहीतरी, या दोघांच्या ओढाताणीतून गोष्ट जन्मते. कावळ्या-चिमणीचेही तेच. भिजलेल्या कावळ्याला आत यायचे आहे आणि दार बंद आहे. तीन-चार वर्षांचे मूल तेवढ्यावर डोळे मोठे करून ऐकत राहते. त्याला संघर्ष हा शब्द माहीत नसतो, पण दार केव्हा उघडणार हे त्याला कळून घ्यायचे असते.

आता राजूकडे पाहा. राजूला हवे काय आहे? काहीच नाही. तो पहिल्या ओळीतच चांगला आहे आणि शेवटच्या ओळीतही तेवढाच चांगला आहे. पाकीट सापडल्यावर क्षणभरही त्याचा हात अडखळत नाही. आम्ही मुलांना विचारले, "त्याच दिवशी सहलीचे पैसे भरायची शेवटची तारीख असती तर? आणि अब्बांचा पगार झालेला नसता तर?" एकदम वर्गात हालचाल झाली. एक जण म्हणाला, "मग तो पाकीट उघडून बघेल." दुसरी म्हणाली, "तो आधी नोटा मोजेल, देईल नंतर." राजू पहिल्यांदाच माणूस झाला.

हे सगळे एकाच गोष्टीत पाहायचे असेल तर आम्ही मुलांपुढे प्रेमचंदांची 'ईदगाह' ठेवतो. बनारसजवळच्या लमही गावात १८८० साली जन्मलेले धनपत राय, म्हणजे मुन्शी प्रेमचंद, आधी उर्दूत लिहीत आणि नंतर हिंदीत. ही कथा त्यांनी नव्वदेक वर्षांपूर्वी लिहिली. मुलांसाठी यापेक्षा चांगली गोष्ट आपल्या देशात फार थोड्यांनी लिहिली असेल, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती अनेक घरांत माहीत आहे, पण तिचा सारांश 'हामिदने दादीसाठी चिमटा आणला, किती गुणी मुलगा' एवढाच सांगितला जातो. त्यात गोष्ट निसटून जाते.

हामिद चार-पाच वर्षांचा, हडकुळा मुलगा. वडील पटकीने गेले, आईही पाठोपाठ गेली. सांभाळणारी दादी अमीना. ईदच्या दिवशी गावातली मुले शहरातल्या ईदगाहकडे निघतात, तीन कोस चालत. बरोबरच्या मुलांच्या खिशात बारा-पंधरा पैसे. हामिदच्या खिशात तीन. लेखकाने इथेच काम करून ठेवले आहे. हे तीन पैसे म्हणजे हामिदची मर्यादा, आणि समोर जत्रा. पाळणा आहे, मातीची खेळणी आहेत, रेवड्या आहेत, गुलाबजाम आहेत. प्रत्येक दुकानाशी वाचणाऱ्याला वाटते, आता घेईल, आता घेईल. मित्र खेळणी घेतात: कुणी शिपाई, कुणी भिश्ती, कुणी वकील. मोहसिन तर रेवडी पुढे करून चिडवतो आणि स्वतःच्याच तोंडात टाकतो. हामिद पाहत राहतो. त्यालाही हवे आहे, आणि ते लेखक लपवत नाही. मुलांनी हे नीट पाहावे असा आमचा आग्रह असतो. हामिदला खेळण्यांचा मोह नसता तर चिमट्याला काही किंमत नव्हती.

मग लोखंडी सामानाचे दुकान येते. चिमटा पाहून त्याला आठवते की तव्यावरून रोटी काढताना दादीची बोटे भाजतात. दुकानदार सहा पैसे सांगतो. पोटात गोळा येऊनही हामिद तीन पैशांना मागतो आणि मिळवतो. हा गोष्टीचा वळणबिंदू. तिथपर्यंत जे घडले ते हामिदच्या भोवती घडले; इथून पुढचे हामिदने घडवले. पात्र म्हणजे काय, हे मुलांना सांगायचे असेल तर आम्ही एवढेच सांगतो की लेखकाने त्याच्याविषयी काय म्हटले त्यापेक्षा तीन पैसे हातात असताना त्याने काय केले ते पाहा.

गंमत अशी की गोष्ट इथे संपत नाही. हामिद चिमटा खांद्यावर बंदुकीसारखा टाकून मित्रांशी वाद घालतो, आणि त्याचा चिमटा सगळ्या खेळण्यांना भारी ठरतो. तो साधू-संत नाही, पक्का वाकबगार, जिंकायला आवडणारा पोरगा आहे. घरी पोचल्यावर मातीची खेळणी एकेक करून फुटतात. आणि दादी? ती आधी चिडते. दुपार झाली, काही खाल्ले नाही, प्याले नाही, आणि आणले काय तर लोखंडाचा चिमटा! मग कारण कळल्यावर तिचे काय होते ते ज्याने त्याने वाचावे. दादीने आधी रागवायलाच हवे होते, हे मात्र आम्ही मुलांना मुद्दाम दाखवतो. ती पहिल्याच क्षणी गहिवरली असती तर शेवट अर्धाच राहिला असता.

चिमट्यावरून आणखी एक धागा निघतो. चांगल्या गोष्टीत एखादी वस्तू नुसती पडून नसते, ती काम करते. याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या घरांत रोज पठण होणाऱ्या ग्रंथात आहे. कुरआनमधील १२ वी सूरह, सूरह यूसुफ. ही रचलेली कथा नव्हे, आपल्यासाठी तो घडलेला वृत्तांत आहे. पण सांगण्याची रीत न्याहाळायला हरकत नाही, कारण त्या सूरहमध्येच त्याला सर्वांत उत्तम वृत्तांत म्हटले आहे. एकशे अकरा आयतींत एक सदरा तीनदा येतो. भाऊ हजरत यूसुफ (अ.) यांना विहिरीत टाकतात आणि सदऱ्यावर खोटे रक्त लावून तो वडिलांसमोर ठेवतात. पुढे मिस्रमध्ये सदरा मागून फाटलेला आहे यावरून त्यांचे निर्दोषत्व ठरते. आणि शेवटी त्यांचाच सदरा वृद्ध हजरत याकूब (अ.) यांच्या चेहऱ्यावर टाकताच गेलेली दृष्टी परत येते. एकदा खोटा पुरावा, एकदा खरा पुरावा, एकदा शिफा. शिवाय सुरुवातीला अकरा तारे, सूर्य आणि चंद्र यांचे स्वप्न आहे आणि शेवटी त्याचा अर्थ उलगडतो. पहिले टोक आणि शेवटचे टोक यांत किती वर्षे आणि किती दुःख आहे, पण गाठ घट्ट बसते. मदरशात ही सूरह पाठ करणाऱ्या मुलाला हा सदरा दाखवला की तो स्वतःहून विचारतो, "अजून कशात असं आहे?" मग त्याला शोधू द्यावे.

"एका गावात" म्हणजे कोणत्या?

स्थळ आणि काळ हे घटक शाळेत सर्वांत लवकर उरकले जातात. स्थळ : एक गाव. काळ : एकदा. मुलांना वाटते, ही फक्त पत्ता लिहायची जागा आहे. आपल्याच जिल्ह्यातली हिरकणीची दंतकथा त्यांना आठवून द्यावी. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, खाली घरी एकटे तान्हे बाळ, आणि तिने उतरलेला उभा कडा. तो बुरूज आजही तिच्या नावाने दाखवतात. ही गोष्ट सपाट मैदानावर नेऊन बघा. मैदानावर हिरकणी फार तर वळसा घालून जाईल. दुपारी बारा वाजता घडवून बघा. दरवाजा उघडाच असेल. म्हणजे इथे कडा हे स्थळ आहे आणि कडाच अडथळा आहे. मावळणारा सूर्य हा काळ आहे आणि त्यानेच गाठले आहे.

मग आम्ही मुलांना विचारतो, पनवेलमध्ये अशी कोणती गोष्ट घडेल जी दुसरीकडे घडणार नाही? आधी सगळे गप्प. मग हळूहळू येऊ लागते. वडाळे तलाव. एस.टी. स्टँडवर ईदच्या आधी म्हसळा-श्रीवर्धनच्या गाडीसाठी उसळलेली गर्दी. महामार्गावरून जाताना अंगठ्यासारखा उभा दिसणारा कर्नाळ्याचा सुळका. एकाने हार्बर लाइनवर मार्मिक बोट ठेवले: लोकलमध्ये झोप लागली तरी पनवेलकर चुकत नाही, कारण गाडी पुढे जातच नाही, गोष्ट होते ती कुर्ल्याला उतरणाऱ्याची. हे त्याला कुणी शिकवले नव्हते.

एका मुलीचे वडील कुवेतला असतात. तिच्या वहीत दोन स्थळे होती. इकडे रात्रीचे अकरा, तिकडे साडेआठ. अब्बांची ड्यूटी संपून त्यांचा फोन येईपर्यंत जागे राहायचे आहे आणि झोप येते आहे, एवढीच तिची गोष्ट. वाघ नाही, दरोडेखोर नाही. अडीच तासांचा फरक हाच तिच्या गोष्टीतला अडथळा. कोकणातल्या आपल्या किती घरांत हा अडीच तासांचा फरक वर्षानुवर्षे राहायला आहे! आधीच्या पिढ्यांत जहाजावर गेलेल्यांचे पत्र यायला महिने लागत. त्याच्या गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत. दादी-नानींना आठवतात तोवर विचारून घ्याव्यात.

काळाविषयी मुलांना रमजानचे उदाहरण चटकन पटते. चांद्रवर्ष सूर्यवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान ऋतूंमधून फिरत असतो. २०१९ मध्ये तो मे महिन्यात आला होता. २०३० मध्ये जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा सुरू होईल. पहिला रोजा ठेवणाऱ्या मुलाची गोष्ट मे महिन्यातल्या पनवेलच्या घामट उकाड्यात घडली तर एक होईल आणि डिसेंबरच्या लहान दिवसात घडली तर दुसरी. कदाचित डिसेंबरात ती होणारच नाही.

या बोलण्यातूनच त्या नऊ वर्षांच्या मुलाने राजूला निरोप दिला आणि नवी गोष्ट धरली. ती पुढे सगळ्यांनी मिळून रचली, म्हणून इथे सविस्तर सांगतो.

मुलाचे नाव झैद. वय नऊ. स्वभाव? "बढाया मारतो," असे ठरले. हे आम्हाला फार आवडले, कारण मुलांनी पहिल्यांदाच नायकाला एक खोड दिली. झैदने सगळ्या गल्लीला सांगून ठेवले आहे की उद्या माझा पहिला रोजा. घरी रोजाकुशाईची तयारी आहे, मामू येणार आहेत, हार आणला आहे. त्याला हवे काय? पहिल्यांदा उत्तर आले, "रोजा पूर्ण करायचा आहे." एक मुलगी म्हणाली, "नाही, त्याला हार घालून घ्यायचा आहे." यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी ठरले की दोन्ही हवे आहे, पण कोणते जास्त हवे आहे ते त्याला स्वतःलाच माहीत नाही. मोठ्या लेखकांनाही असे नायक नेहमी सापडतात असे नाही.

अडथळा कोणता? मे महिना. वर गल्लीत मॅच, आणि झैदशिवाय गोलंदाज नाही. इथे एकाने शत्रू आणायचा प्रयत्न केला. कुणीतरी वाईट मुलगा येतो आणि जबरदस्तीने पाणी पाजतो. आम्ही काही बोललो नाही. दुसऱ्यानेच विचारले, "जबरदस्तीने पाजलं तर झैदने काय केलं?" शत्रू गेला. मग कुणीतरी आठवण करून दिली की एवढ्या लहान मुलावर रोजा फर्जच नसतो, अम्मीने तर सकाळीच सांगितले आहे की झेपले नाही तर सोड. म्हणजे अडवणारे कुणीच नाही आणि रागवणारेही कुणी नाही. मुले थोडी गोंधळली. मग गोष्ट चालणार कशी?

वळण एका बारा वर्षांच्या मुलीने काढले. असरची वेळ. मॅच संपवून झैद मशिदीत येतो, नळावर वुजू करायला बसतो. त्या वेळी तिथे दुसरे कोणी नाही. वुजूत चूळ भरायची असते. तो ओंजळभर पाणी तोंडात घेतो. गार पाणी. आणि थांबतो.

वर्गात कुणी बोलेना. सगळ्यांना त्या पाण्याची चव ठाऊक होती. सबंध दिवस ज्याला बघणारे लोक हवे होते, त्या बढाईखोर मुलाला गोष्टीने अशा जागी आणून बसवले होते की बघणारे माणूस एकही नाही. नागरिकशास्त्राच्या व्याख्येत संघर्ष म्हणजे काय ते कसे लिहिलेले असते ते आम्हाला आता आठवत नाही. या मुलांना ते पुन्हा सांगावे लागणार नाही.

मग प्रश्न निघाला की हे सांगणार कोण? साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, तेव्हा मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रात्रीमागून रात्री आपल्या लहानपणच्या आठवणी सांगतो अशी योजना केली. मोठा श्याम सांगतो म्हणून लहान श्यामचे हट्ट, चुका, लाज लपवली जात नाही. मुलांना हे सांगितल्यावर त्यांनी झैदची गोष्ट तीन तोंडांनी सांगून पाहिली. झैद स्वतः "मी" म्हणून सांगतो तेव्हा आपण थेट त्याच्या तोंडातल्या पाण्यापर्यंत जातो. अम्मी सांगते तेव्हा तिला फक्त संध्याकाळी उतरलेला चेहरा दिसतो. आणि शेजारचा मित्र अथर्व सांगतो तेव्हा त्याला एवढेच कळते की मॅचनंतर झैद कुठेतरी गेला आणि परत आला तेव्हा नेहमीसारखा बोलत नव्हता. अथर्वची बाजू आम्हाला सर्वांत आवडली. मुलांना अर्थातच "मी" आवडला.

तात्पर्याचे काय करायचे?

पालकांशी आमचे मतभेद होतात ते इथे. गोष्ट संपल्याबरोबर आपण विचारतो, "मग यातून काय शिकलास?" मूल लगेच परीक्षेचे उत्तर देते: खरे बोलावे, मोठ्यांचे ऐकावे. उत्तर बरोबर असते आणि गोष्ट तिथेच मिटते. पंचतंत्रातल्या कथा पहलवीमार्गे आठव्या शतकात इब्नुल मुकफ्फाच्या हातून अरबीत 'कलीला व दिम्ना' होऊन गेल्या आणि तिथून जगभर पसरल्या. त्यांत नसीहत भरपूर आहे, कोणी नाही म्हणत नाही. पण माकडाचे काळीज झाडावर राहिले आहे, हे ऐकून मगर मागे वळते की नाही, या धास्तीने मूल ऐकत राहते. नसीहत त्या धास्तीच्या पाठीवर बसून आली. मुलाला आधी धास्ती वाटू द्यावी. रात्री झोपताना गोष्ट सांगितलीत तर शेवटी बोध विचारण्याऐवजी "तू असतास तर काय केलं असतंस?" एवढे विचारून बघा. उत्तर गैरसोयीचे आले तरी लगेच दुरुस्त करू नका. एखादे मूल सांगेल, मी पाकीट ठेवून घेतले असते. ठीक आहे, मग पुढे काय झाले असते ते त्यालाच सांगू द्या.

आणि घरातली नावे घरातल्या गोष्टीत येऊ द्या. दादीला दादी म्हणू द्या, नानीला नानी, खाला, चाचू, मामू. मराठीत लिहिताना ही नावे बदलावी लागत नाहीत. मराठी एवढी संकुचित नाही. 'सदरा', 'खिसा', 'दुकान', 'बाजार' हे शब्द तिने कधीच घरात घेतले आहेत. लेखनात शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्या दुसऱ्या दिवशी पाहाव्यात. पहिल्या दिवशी लाल पेन बाजूला ठेवलेले बरे.

झैदच्या गोष्टीला मात्र एक शेवट काही मिळाला नाही. मुलांचे तीन गट पडले. पहिल्या गटाचे म्हणणे, तो पाणी थुंकतो, घरी येतो, आणि बढाईखोर असूनही कुणाला काहीच सांगत नाही. दुसरा गट म्हणाला, असे होणेच शक्य नाही. तो थुंकतो आणि पळत जाऊन सगळ्या गल्लीला सांगतो की माझ्या तोंडात पाणी होते तरी मी गिळले नाही, कारण तो झैद आहे. यावर सगळे खूप हसले आणि बरीच मते तिकडे गेली.

वळण काढणाऱ्या मुलीने तिसरा शेवट लिहिला. तिच्या गोष्टीत झैद पाणी गिळतो. संध्याकाळी त्याला हार घालतात, मामू फोटो काढतात, मगरिबची अजान होते. दस्तरखानावर सगळे त्याच्याकडे बघत असतात की आज पहिली खजूर त्याने उचलावी. तो खजूर उचलतो, आणि शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीच्या तोंडात घालतो. सगळ्यांना वाटते, किती गुणी मुलगा.

तिथेच तिने वही मिटली. "पुढे काय झालं?" म्हणून बाकीची मुले तिच्या मागे लागली, तर ती म्हणाली, "मला नाही माहीत. पण त्याच्या बहिणीला खजूर आवडत नाही."